पाच वॉट

तेहतीस वर्षं वीज मंडळात मीटर तपासले,
म्हणून दुकानात डिस्क हातात आली की
मी आधी पालथी करून बघतो. बारीक अक्षरं:
किती व्होल्ट, किती अँपिअर.
टेकचंदानी म्हणतो, "दिघे साब, टीबी देखो, टीबी."
जयेंद्रगंजात सगळे टीबीच बघतात.
माझी आई असती तर हा शब्द ऐकून
तिनं पदर नाकाला लावला असता.

फिरणारी तबकडी नुसती बसून पाच वॉट खाते.
पाच वॉट म्हणजे काय, देवघरातला झिरोचा बल्ब.
पण दिवसरात्र, बारा महिने:
वर्षाला चव्वेचाळीस युनिटं,
फक्त जागं राहायचे.
जागं राहण्याचा दर मला ठाऊक आहे.
दोन वर्षं सबस्टेशनला रात्रपाळी केली आहे.

पहिला संसार मेमरी कार्डावर होता.
नखाएवढं. अर्धा वॉटही मागायचं नाही.
नवतप्याच्या चौथ्या दिवशी, सेहेचाळीस अंशांत,
ते गेलं. दुपारी, चहाच्या वेळेला.
तबकडी निदान खोकते, टक् टक् करते,
माणसाला बॅग भरायला वेळ देते. कधीकधी.
कार्डात माझं व्होल्टेज होतं,
रोज संध्याकाळी सातचं, एक्क्याण्णव सालापासूनचं.
मूळ वह्या माळ्यावर होत्या.
वाळवीनं फक्त अठ्ठ्याण्णव खाल्लं होतं.
चार महिने बसून पुन्हा टाइप केलं.

पण आता त्या पेटीत माझं एकट्याचं नाही.
निनाद तिला सर्व्हर म्हणतो; गल्ली म्हणते डिब्बा.
कुशवाहांच्या थोरल्याच्या लग्नाचे तीन दिवस,
शकील टेलरच्या दुकानाची रजिस्ट्री,
मालूताई शितोळ्यांचे दोन्ही गुडघे, दरसालचे एक्सरे.
"चाचा के डिब्बे में डाल दो,"
जणू कैरीचं लोणचं आहे.
कुणी विचारलं नाही, मीही नको म्हटलं नाही.

निनादनं पुण्याहून तक्ता पाठवला,
कोणत्या कंपनीच्या किती डिस्का वर्षात दगावतात.
शंभरात एक. वाईट असेल तर दोन.
काका, हे काहीच नाही, तो म्हणाला.
बाळा, शंभरात एक मीटर चुकीचा
म्हणजे दारात बिल धरून उभी असलेली एक बाई.
तिचा चेहरा तुझ्या तक्त्यात कुठे असतो?

शेवटी न फिरणारी घेतली. काळी, ग्लुकोज बिस्किटापेक्षा थोडी मोठी.
बसून राहिली तर अर्धा वॉट, कामाला लागली तर दोन.
टेकचंदानीनं वर पेन ड्राइव्ह फुकट दिला,
तो त्याला परत केला.
आणि एक फिरणारीही घेतली, कायम झोपवण्यासाठी.
महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला उठवायचं,
तासभर खाऊ घालायचं,
थंड होऊ द्यायचं,
मग जुन्या स्वेटरच्या बाहीत घालून स्टीलच्या डब्यात
टेंपोनं मुरारला, बहिणीकडे.
"ह्यात आहे तरी काय?" प्रमिला दर वेळी विचारते.
शेजाऱ्यांचे गुडघे, मी सांगतो.
ती डबा गव्हाच्या कोठीमागे ठेवते, जिथे ऊन येत नाही,
आणि मला भाकरी खाऊनच सोडते.
शून्य वॉट. भाकरी धरली नाही तर.

काल रात्री साडेदहाला लाइट गेली.
कंपूपर्यंत काळोख.
पेटीचा हिरवा दिवा तेवढा, राउटरच्या बॅटरीवर,
काजव्यासारखा नाही, काजवा थांबून थांबून लागतो;
हा सलग.
मी चाचपडत वही काढली,
सातचा आकडा होताच, त्याखाली लिहिलं: शून्य.
तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून कुशवाहांचा धाकटा ओरडला,
"चाचा, हमारी शादी चल रही है क्या?"

चल रही है, म्हटलं.
अभी तो बारात भी नहीं निकली.