एका पोत्याचा पंचनामा

इस्लापूरच्या नाक्यावर, पहाटेच्या चारला,
मोटारसायकल टाकून माणूस सागांत पळाला.
पोतं राहिलं.
युरियाचं, तोंडाला सुतळी, आतून हलणारं.

साहेब फोनवर म्हणाले, किनवटहून निघतोच,
तोवर लिहून ठेव,
काय आहे, किती आहे, जितं का मेलेलं.

मी रजिस्टरात रेघा मारल्या. लच्चूमामा कुमरेनं सुतळी सोडली.

एक घोरपड. चारी पाय पाठीवर,
तिच्याच बोटाची शीर ओढून तिलाच मारलेली गाठ.
एक रानकोंबडी. पंख पळसाच्या सालीनं आवळलेले.
आणि फडक्यात तिची दोन अंडी.

लांबी : शेपटीसकट सव्वातीन फूट.
कोंबडीची मोजली नाही. ती मोजू देईना.
रंग : घोरपडीचा, वणवा विझल्यावरच्या जमिनीचा.
कोंबडीचा, वणव्याआधीच्या पाचोळ्याचा.
आवाज : कोंबडी पाचोळा उकरते तेव्हा माणसाएवढा.
(दोनदा मी सागचोर समजून काठी घेऊन धावलोय.)
घोरपडीचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.
तिची जीभ येते, दोन फाट्यांची,
वारा चाखते, आत जाते. बस.

“पाय बग,” मामा म्हणाला.
कंदील जवळ नेला.
कोंबडीच्या नडगीवर तेच खवले,
बारीक, ओळीनं, एकाच पाथरवटानं ठोकल्यासारखे.
नख्यांनाही तोच बाक.
“थोरलीनं जमीन धरली, धाकटीनं पिसं घातली.
घर एकच, वाटणीत भांडण.”

हे कुठल्या रकान्यात लिहू?

मग माझ्या ध्यानात आलं.
अख्खी रात्र एका पोत्यात होत्या दोघी.
तोंडाशी अंडी, पोटाशी कोंबडी,
आणि घोरपडीनं चाटलंसुद्धा नव्हतं.
कोंबडीही तिच्या अंगाला अंग लावून बसलेली,
उब असते तिथं बसावं तशी.
पाय बांधले होते म्हणून, मी म्हणालो.
“तोंड कुठं बांधलं होतं?” मामा म्हणाला.

दहाला साहेब आले, सही झाली.
अंडी मामानं घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवायला नेली,
ती नोंदीत फुटलेली दाखवली.
नाल्यापलीकडं, मोहाखाली, साल कापली.
कोंबडी फडफडाट करत अशी उडाली
की साहेबांचा चहा सांडला.

घोरपडीची गाठ ब्लेडनं तोडली.
ती हलली नाही.
बांधलेलीच आहे असं धरून पडून राहिली,
पाय पाठीवरून आपसूक खाली घसरले तरी.
आम्ही बिड्या ओढल्या. साहेब जीपकडं गेले.

बऱ्याच वेळानं जीभ बाहेर आली.
एकदा इकडं.
मग कोंबडी गेली त्या अंगाला, दोनदा.
मग ती लंगडत, सावकाश, त्याच वाटेनं निघाली.

मी काठी उचलली.
मामानं हात धरला.
“राहू दे. भूक लागली तिला.
सुटली बग आत्ता.”

शेऱ्याचा रकाना मी कोराच ठेवला.