उजव्या कोपऱ्यातून

रोल्यात, ज्यूसच्या दुकानाला लागून
माझं टायपिंग सेंटर. दोन खुर्च्या, एक प्रिंटर,
एसीखाली पाणी झेलणारी बादली.
व्हिसा, भाडेकरार, जन्मदाखले टाइप करते मी.
भांडणं क्वचित.

भेकरे आला तेव्हा मगरिबची अजान संपत आली होती.
जबल अलीला क्रेन चालवतो.
शर्टाच्या पाठीवर मिठाचा नकाशा,
हातात कागदांची पिशवी.
"मुकादमबाई ना? बाणकोटच्या?"
आणि बसला. खुर्चीत नंतर,
आधी मराठीत.

गाडी पांढरी.
शोरूममध्ये खजूर दिले, गहवा दिला,
किल्ली दिली लाल फीत बांधून.
आठ हजार दिरहम डिपॉझिट, हप्ता नऊशे चाळीस.
त्यानं बायकोला व्हिडिओवर चारी दारं उघडून दाखवली,
डिकीसुद्धा.
सहाव्या दिवशी फोन: बँक नाही म्हणाली.
नवा कागद तयार आहे, हप्ता बाराशे साठ.
सही कर,
नाहीतर गाडी ठेव आणि डिपॉझिट विसर.

गाडी तो काल त्यांच्या दारात ठेवून आला.
पण एक चेक अजून त्यांच्या कपाटात,
खाली त्याची सही, वर रकमेची जागा मोकळी.
त्या मोकळ्या जागेत
रोज रात्री तो स्वतःच आकडे भरतो.

"सही केलीत तो कागद वाचलात?"
"इंग्रजी थोडं. ही बाजू..."
अरबी ओळींवरून त्यानं हात फिरवला
झोपलेल्या मांजरावरून फिरवावा तसा.

माझी अरबी मदरशातली. सात वर्षं नुसतं पाठांतर.
अर्थ इथं आल्यावर लागला,
वीजबिलांतून, दंडाच्या पावत्यांतून.

इंग्रजीत ठळक होतं: डिपॉझिट परत मिळणार नाही.
अरबीत तीच ओळ, पण लांब.
लांब ओळ दिसली की मी थांबते.
"खरेदीदाराने स्वतः माघार घेतल्यास",
आणि मग शेपूट:
"बँकेने नकार दिल्यास संपूर्ण रक्कम परत."
ही शेपूट पलीकडे यायची राहून गेली
की कुणी दारात चेमटवली, कोण जाणे.
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात
फरक पडल्यास अरबी खरी धरावी.

मी दोनदा वाचून दाखवलं.
तिसऱ्यांदा त्यानंच सांगितलं, अडखळत, मालवणीतून.

"बाई, जरा रागानं लिहा."
राग नको, तारखा सांगा.
बुधवारी किल्ली. मंगळवारी फोन.
नव्या कागदावर सही केलेली नाही, हे स्वतंत्र ओळीत.
मागणी: आठ हजार.
चेक, आहे तसा, कोरा.
आणि त्यानं पदरचे दोनशे घालून बसवलेली सीट कव्हरं.
"कव्हरं राहू देत हो," तो म्हणाला, लाजून.
मी खोडलं नाही.

साठ झाले. शंभरातले चाळीस
त्याच्या तळहातावर मोजले.
त्यानं पुन्हा मोजले, माझ्यासमोर,
आणि मला बरं वाटलं.

दाराशी थांबला. "सुरुवात कुठून याची?"
मी उजवा कोपरा दाखवला.
तिथं अंगठा दाबून धरून
तो सिग्नलला उभा राहिला,
हिरवा होऊन गेला तरी.