वरच्या खोलीतला बारावा

हा बारावा.
मोजायचं ठरवलं नव्हतं, पण जिना माझा आहे
आणि त्याची चौथी पायरी प्रत्येकाला एकदा फसवते.
याला मंगळवारी फसवलं, दोन बॅगांसकट.

छातीवर काळी पट्टी, पांढरी अक्षरं: एल्डर हॅडलॉक.
पहिलं वर्षभर मला वाटायचं
यांच्याकडे सगळ्या पोरांचं नाव एल्डरच ठेवतात.
मग एकाने अर्थ सांगितला: वडीलधारा.
मी इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं.
हा वडीलधारा एकोणीस वर्षांचा आहे,
दाढी करताना हनुवटी कापून घेतो
आणि रक्तावर कागदाचा कपटा चिकटवून
देवाबद्दल बोलायला बाहेर पडतो.

पुंता अरेनासचा वारा त्याला कुणी सांगितला नव्हता.
सांगितलाही असेल. वारा सांगून कळत नाही.
पहिल्याच कोपऱ्यावर टाय उडून डोळ्यांवर बसला,
हातातली पत्रकं सुटली, सामुद्रधुनीकडे गेली.
तिथल्या माशांना आता सगळं ठाऊक आहे.
त्याचा जोडीदार फिफिता, टोंगाचा, दाराएवढा रुंद,
चार महिने इथे मुरलेला,
हातानेच दाखवत होता: चालू नकोस, टेक.
मी खिडकीतून पाहिलं,
काळ्या पँटीतली दोन पोरं
नसलेल्या भिंतीला रेलून चढ चढत होती.

चहा घेत नाही. कॉफी नाही.
पुदिन्याचं पाणी उकळून दिलं तर
औषधासारखं पितो, आणि आभार मात्र
कुणी अख्खी मेंढी कापून वाढल्यासारखे मानतो.
त्याचं स्पॅनिश इस्त्री केलेलं,
आमचं अर्धं गिळलेलं.
शुक्रवारी खाली आला, थंडीने ओठ निळे,
मागायचं होतं लाकूड, मागितली लोकर.
लेन्या आणि लाना, फरक तो किती.
मी लोकर दिली.
तो ती ओंजळीत धरून
शेगडीकडे बघत उभा राहिला, बिचारा,
यांचं इथे असंच पेटवत असतील, या श्रद्धेने.

सोमवारी घरी फोन असतो. आयडाहो म्हणे, बटाट्याची शेतं.
पत्र्याच्या घराला गुपित ठेवता येत नाही.
मला त्याची भाषा येत नाही,
पण ‘सगळं छान आहे’ याची चाल कुठल्याही भाषेत एकच.
माझा ओस्वाल्दो कालामाच्या खाणीतून
हीच चाल लावतो. मीही तीच परत करते.
फोन ठेवल्यावर वर बराच वेळ नळ वाहत होता.
पाण्याचं बिल मी काढलं नाही.

ती दोघं बाहेर असताना मी वर झाडायला जाते.
भिंतीवर आमच्या वस्तीचा नकाशा आहे,
अकरा हस्ताक्षरांत.
एकेका दारावर एकेक शब्द: ‘पुन्हा या’. ‘आजारी’.
‘रागावतात’. ‘वारले’.
आणि माझ्या घरावर, तिसऱ्याचं अक्षर असावं,
‘विश्वास नाही. पाव उत्तम.’
माझ्या थडग्यासाठी पाद्रीसुद्धा
याहून खरं काही लिहिणार नाही.

ओयार्सोंच्या पिवळ्या दारावर
तीन वर्षं नुसतं ‘कुत्रा’ होतं,
खाली दोन जाड रेघा.
एकाची पँट तिथेच फाटली होती, मीच शिवली.
आज त्या रेघांखाली बारीक पेन्सिल:
‘नाव कानेला. डाव्या कानामागे खाजवावं.’

मी केरसुणी धरून तशीच उभी राहिले.

सहा आठवड्यांनी बदलीचा निरोप येईल,
किंवा बारा. याच्याही बॅगा उतरतील.
अजून वाऱ्यात टोपी घालायचा वेडेपणा करतो,
अजून मला सेन्योरा बारीआ म्हणतो,
एदेल्मिरा म्हण म्हटलं तर कानापर्यंत लाल होतो.

रात्री साडेनऊ. फाटक वाजलं.
एक, दोन, तीन,
मग एक ढांग.
चौथी वाजली नाही.