झोपेतली वळणं

डिसेंबर लागला की लाम्जुरीचा रस्ता
रस्ता राहत नाही, अंदाज होतो.
खालच्या कचेरीतून रोज आठला फोन येतो:
चालू की बंद?
मी म्हणतो, बघतो.
बघायला काय असतं!
पांढऱ्यावर पांढरं,
आणि त्यातून डोकं काढलेल्या
हेझलच्या आठ-दहा काठ्या, टोकाला लाल चिंध्या.

त्या काठ्या मुर्झाकान काका रोवायचा,
ऑक्टोबरात, जमीन मऊ आहे तोवर.
सरळीला सव्वीस पावलांवर एक,
वळणावर तेरा.
यंदा मी रोवल्या.
वळणावरही सव्वीसच,
कारण कंबर दुखत होती, अंधार पडत होता,
आणि विचारायला कुणी नव्हतं.

ग्रेडर काकापेक्षा बारा वर्षांनी लहान.
पहाटे त्याच्या पोटाखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवायचं,
पाऊण तासाने तो खोकतो,
धूर काढतो, पुन्हा खोकतो.
तोवर बायका चुलीतली राख बादल्यांतून आणतात,
चढावर फेकायला.
सरकारी मीठ आमच्याकडे कागदावर पोचतं.

फेब्रुवारीत पाच दिवस थांबला नाही.
त्यात गिगोलाचा भाऊ शहरात वारला,
आणि त्याला घेऊन आलेली गाडी
पुलापाशी अडली, दोन रात्री.
मेलेल्याला घाई नसते म्हणतात,
पण इथे खड्डा खणून झाला होता
आणि त्यात पुन्हा बर्फ भरत होता,
उपसून उपसून पोरांचे हात सोलले होते.

सहाव्या सकाळी दोमना काकी
उशी काखेत मारून ग्रेडरपाशी उभी.
एक शब्द न बोलता वर चढली.
"तुला रस्ता येतो?"
"रस्ता नाही," ती म्हणाली. "तो येतो."

एकतीस वर्षं काका झोपेत बडबडायचा.
काकी सांगत होती, मी पातं खाली सोडत होतो.
आधी तिला वाटलं, दुसरी बाई आहे.
'सासूचं ढोपर,' म्हणायचा, 'ओली बहीण,'
'बुटक्याचा उंबरा,' आणि मग कण्हायचा.
दोन वर्षं ती त्याच्याशी नीट बोलली नाही.
मग एकदा खालून गावाकडे येताना
त्याच क्रमाने सगळी वळणं लागली,
पण उलटी.

"आता ढोपर. हळू. डावा खांदा आत घे.
इथे तो कूस बदलायचा."
काच आतून गोठलेली, बाहेरून गोठलेली.
मी नाण्याने खरवडलेल्या भोकातून पाहतो
तर पाहण्यासारखं काही नाही.
काकीचे तर डोळेच मिटलेले.
"बहीण गेली. उंबरा येईल. आला.
उजवीकडे दाब, अजून, अजून दाब,
तो पांघरूण ओढायचा माझं."

मग ती गप्प झाली.
पातं बर्फ ढकलत होतं, ढकलत होतं,
काकी गप्प.
मी ब्रेक दाबला.
"विसरलीस?"
"नाही," म्हणाली. "इथे तो श्वास रोखायचा.
मी मोजायची. कधी कधी चौदापर्यंत."

उतरून फावड्याचा दांडा पुढे खुपसला.
दोन हातांवर दांडा आरपार गेला,
आणि खाली, खूप खाली,
नदीचा आवाज आला.
बर्फाचा नुसता सज्जा होता तो,
रस्ता त्याच्या आत, डोंगराला चिकटून,
एका ग्रेडरच्या रुंदीचा.

मागे घेतलं. आत वळवलं.
चौदा मोजत, मीही श्वास न घेता.

पुलापाशी ड्रायव्हर चहा पीत होता.
शवपेटीवर त्याने स्वतःचा कोट टाकला होता,
का, विचारल्यावर लाजला.

येताना काकी झोपली. आमचीच चाकोरी होती, उठवलं नाही.
आठचा फोन त्या दिवशी साडेअकराला घेतला.
चालू, म्हणालो. संध्याकाळी बंद.

येत्या ऑक्टोबरात वळणावर तेरा पावलं.
तिथे, श्वासाच्या जागी, सात.
उशी अजून ग्रेडरमध्येच आहे,
ती मागत नाही, मी देत नाही.