रकाना क्रमांक नऊ

अर्ज साडेसहापर्यंत घेतात.
ओटावात तेव्हा पाच वाजलेले असतात,
आमचं घड्याळ दीड तास पुढे.
अख्ख्या न्यूफाउंडलंडला न मागता मिळालेलं
एवढं एकच अनुदान.

मी, डॉर्कस पेली, चर्चच्या तळघरात
छोट्यांच्या खुर्चीत बसलेय, गुडघे हनुवटीशी.
मोठ्या खुर्च्या सगळ्या वर नेल्यात,
वेल्माच्या शेवटच्या दर्शनाला.
मीही वर असायला हवं होतं.

रकाना चार. गरज स्पष्ट करा, अडीचशे शब्दांत.
खेकड्यांच्या हंगामात कारखान्याचा भोंगा पहाटे पाचला होतो.
साडेचारला आया मुलं आणतात
रात्रीच्याच कपड्यांत, ब्लँकेटात गुंडाळून;
भट्टीतून काढलेला पाव दुसऱ्याच्या हाती द्यावा
तशी देतात, जपून, गरम.
मूल जागं होतं तेव्हा समोर मी असते.
आताशा रडत नाहीत.

यंत्र म्हणालं, शब्द जास्त झाले.
पाव काढला. जपून काढलं. गरम काढलं.
उरलं ते खरंच होतं,
फक्त निवलेलं.

रकाना सहा. लाभार्थी मुलं किती?
अकरा.
लुविमिंडाची जेझेल धरली तर बारा,
पण तिची आई हंगामापुरती आलेली, मनिलाहून,
आणि तळटीप चार सांगते
की हंगामापुरतं आलेलं मूल धरायचं नाही.
जेझेल समोरच बसलीय, आईचा ओव्हरटाइम संपायची वाट बघत,
माझ्या स्टेपलरला झोपवतेय.

रकाना नऊ. समाजाचा वाटा.
वस्तू आणि श्रम यांचं मूल्य डॉलरमध्ये लिहा.
अग्निशमन दलाच्या पोरांनी जिन्याला फाटक केलं,
तीन रविवार, ताशी वीसने लावले.
कारखान्याने दिलेला फ्रीज, जुना, त्याला अजून वास येतो,
नव्वद.
हेडली बजेलने वल्ही कापून
कोट टांगायच्या खुंट्या केल्या, मुलांच्या उंचीवर.
वल्ही त्याच्या भावाच्या होडीतली.
त्या वर्षी होडी परत आली, भाऊ नाही.
मी शून्य लिहिलं.
यंत्र शून्य घेईना.

मग हेडलीला फोन केला, तो वरच होता, दारापाशी.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग म्हणाला, लाकडाचे चाळीस लाव.
बाकीचं त्यांना परवडायचं नाही.

रकाना बारा. अनुदान संपल्यावर उपक्रम कसा चालू ठेवाल?
अनुदान नव्हतं तेव्हा कसा चालला, ते लिहू का?
वेल्मा नोजवर्दीच्या स्वयंपाकघरात, एकतीस वर्षं,
चुलीपासून हात लांब, माशांच्या खोक्यांत
गोधड्या घालून.
त्या खोक्यांत मी होते. हेडली होता.
आज वर रांगेत उभे आहेत त्यातले निम्मे होते.
पैसे विचारले की ती म्हणायची, उद्या बघू,
आणि उद्या सकाळी परत पेज तयार.
तिची नोंद कुठल्या रकान्यात करायची?
जोडीदार संस्था, असं एक खानं आहे.
तिथे तिचं नाव टाकलं.
नोंदणी क्रमांक मागितला. तो नाही.

सहा वाजून एकवीस.
जेझेल भिंतीशी गेली, खुंट्यांना बोट लावत,
इसा, दालावा, तात्लो,
तिच्या भाषेत, सावकाश,
शेवटची तिच्या डोक्यापेक्षा जरा उंच,
टाचा उचलून तिलाही शिवली.
लाबिनदालावा.
हेडलीने मला न विचारता बारा केल्या होत्या.

मी मागे गेले, रकाना सहापर्यंत.
अकरावर बोट ठेवून बसले.
मग पुसलं, बारा लिहिलं.
तळटीप लाल झाली. होऊ दे.

पाठवा दाबलं.
पडद्यावर एक गोल फिरत राहिलं.
वर पावलं वाजायला लागली, खुर्च्या सरकल्या,
आणि जिन्यावरून माणसं उतरू लागली,
प्रत्येकाच्या हातात एकेक खुर्ची,
कुणी सांगितलं नव्हतं तरी.
पुढे हेडली, एका हाताने खुर्ची, एका हाताने फाटक उघडत,
खालची कडी त्याला सापडेना.
जेझेलने काढून दिली.