चहा बाकी

वेल्सची ही टेकडी. वारा दरीतून
सरळ छातीवर येतोय.
टोपी दातांत धरून ग्विलिम
ग्लायडर सोडतो. सोडतो कसलं,
वाराच हिसकावून घेतो.

इंजिन नाही. नुसती शीळ.
मेंढ्या मानसुद्धा वर करत नाहीत.

दुपारी कड्यामागे गेलं, ते गेलंच.
रिमोट गळ्यात, गुडघाभर नेच्यांत
आम्ही काठीने चाचपत.

सापडला तो भलताच, पिवळा पंख.
फोममध्ये गोगलगाय,
वर पुसट मार्करने:
'इड्रिस. सापडल्यास फोन करा, चहा पाजेन.'
खाली नंबर.

ग्विलिमला तो पाठ होता.
उचलणारं कुणी नाही आता, तीन वर्षं झाली.
'म्हणजे एक चहा बाकी,' एवढंच म्हणाला.

त्याच्या बगलेत तो मोडका पंख
वर ओढत राहिला, वाटभर.
आमचं लाल अजून सापडायचं होतं.