राखीव, पहिला नंबर

खानापूरच्या आमच्या कॉलेजमागं
कौलांच्या भट्टीची लाल धूळ
रोज कोर्टावर उतरते.
मष्णू हलगेकर ओल्या पोत्यानं पुसून काढतो,
मग आम्ही खेळतो.
यंदा एकोणीस सामने, सतरा जिंकले.

पंधरा संघ आपापलं जिंकून आत गेले.
सोळावी जागा समितीच्या मर्जीवर.
समितीनं विचारलं, मोठं कुणाला हरवलंय?
बिर्जे सरांनी खिशातनं तीन पत्रांच्या प्रती काढल्या:
हुबळीला, धारवाडला, परत हुबळीला.
"तुम्ही या, नाहीतर आम्ही येतो, आमच्या खर्चानं."
उत्तर एकाचंही नाही.
जे आलेच नाहीत त्यांना हरवायचं कसं,
ते काही समितीनं सांगितलं नाही.

यादी कन्नडमध्ये लागली.
वाचता सगळ्यांनाच येतं,
तरी बसूलाच पुढं ढकललं.
त्याचं बोट एकेका नावावरून उतरत गेलं,
सोळाव्यावर थांबलं नाही,
रेघेच्या खाली गेलं.
"राखीव," तो म्हणाला, "पहिला नंबर."
"म्हंजे काय रे? जाऊलोय का नाही?"

म्हणजे बॅगा भरून ठेवायच्या.
म्हणजे पहाटे साडेपाचला तेच फ्री थ्रो,
आणि मनात, एकमेकांना न सांगता,
कुठल्यातरी अनोळखी पोरांच्या गाडीचं
पंक्चर मागायचं.

मष्णूनं जर्सी धुतली आहे.
ट्रंकेत ठेवत नाही,
दोरीवरनं काढतही नाही.
संध्याकाळपर्यंत ती लाल होते.
तो परत धुतो.